पडद्यावरचे आकडे

हडकरवाडी, कट्टा गावाच्या अलीकडे
रविवार, सकाळचा चहा (अर्धा कप) झाल्यावर

तीर्थरूप म्हणावं तर तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, चिरंजीव म्हणावं तर तुझे केस माझ्याआधी गेले. तेव्हा नुसतंच मित्रवर्य सेबॅस्टियन ऊर्फ बस्त्यांव लोबो यांस, बाबली हडकर याचा एक डोळा उघडा ठेवून आणि एक झाकून नमस्कार. इकडे क्षेम चार पूर्णांक सहा आहे. (क्रिएटिनीन. वजन विचारू नकोस.) तिकडे सावंतवाडीला सोमवार-बुधवार-शुक्रवार तुझं डायलिसिसचं मशीन नीट चाललं असेल, पिएदाद वयनीची कंबर बरी असेल, आणि तुझा नवा चष्मा आठ महिने झाले तरी अजून दुकानातून यायचाच असल्यामुळे हे पत्र अँजेला तुला वाचून दाखवत असेल, असं धरून चालतो. गो अँजेला, सावकाश वाच. ओळी उतरणीला लागल्यात ते दिसतंय मला; म्हणजे दिसत नाही, तुझी विनीता काकी सांगते. जिथे ओळ ओळीवर चढली असेल तिथे अंदाजाने पुढे जा, तुझ्या बापाने आणि मी अख्खी नोकरी तशीच केली.

पत्र कशाला, फोन मेला काय, असं म्हणशील. फोन जिवंत आहे. पण फोनवर मी डॉक्टर हा शब्द काढला की तुझी रेंज जाते. वीजमंडळात जन्म घालवलेल्या माणसाला रेंज जाणं आणि रेंज घालवणं यातला फरक कळतो. पत्र मध्येच कट होत नाही. फार तर फाडता येतं, पण ते अँजेलाच्या हातात आहे. तेव्हा गप खुर्चीत बस आणि ऐक.

माझ्या मूत्रपिंडांचा कारभार चार वर्षं कसा चाललाय तुला ठाऊक आहे. तुझ्यासारखं मशीन अजून लागलेलं नाही, पण आपण रांगेत आहोत. साखर बावीस वर्षांची, ब्लडप्रेशर पंधरा वर्षांचं, म्हणजे दोन्ही पोरं आता कमावती झाली. नारळपाणी बंद, टोमॅटो बंद, आणि विनीताने मिठाची बरणी अशा जागी ठेवलीय की तिला स्वतःलाही ती दोनदा सापडली नाही. सुक्या बांगड्याकडे तर मी आता दुसऱ्याच्या लग्नातल्या जेवणासारखा लांबून बघतो. हे सगळं मी पाळलं. एकच पाळलं नाही. किडनीचे डॉक्टर दर खेपेला कागदाच्या तळाशी लिहायचे : डोळ्याचा पडदा तपासून घेणे. पहिल्या वर्षी नुसतंच लिहिलं, मग खाली रेघ आली, मग दोन रेघा, आणि गेल्या खेपेला त्याभोवती चौकोन आला. माझा विचार सरळ होता. बिघाड कट्ट्याच्या लाईनवर असेल तर जामसंड्याचा फ्यूज कोण काढून बघतो? मूत्रपिंड कमरेत, डोळा कपाळाखाली. मध्ये केवढा मुलुख.

चार आठवड्यांपूर्वी सकाळी पडवीत बसलो होतो, तर वरच्या वाशाला एक जळमट लोंबताना दिसलं. लांब, काळं, टोकाला गाठ. मी विनीताला म्हटलं, घरात दोन माणसं, तरी जळमटं काढायला वेळ नाही का? तिने लांब दांड्याचा झाडू आणला, वासा झाडला, शेजारचा झाडला, आणि माझ्याकडे बघून झाडू ठेवून दिला. जळमट होतंच. दुपारी ते जेवणाच्या खोलीत आलं. संध्याकाळी देवळात गेलो तर गाभाऱ्याच्या दारात तेच. दुसऱ्या दिवशी रेशन दुकानात. तोवर मी विनीता, पुजारी आणि दुकानदार अशा तिघांना स्वच्छतेवर बोलून बसलो होतो. मग रेशनच्या रांगेत उभा असताना सहज डावा डोळा चोळला, तर जळमट तसंच. उजवा झाकला, तर गेलं. उघडला, आलं. जळमट गावात नव्हतं, माझ्यात होतं.

आणि शहाण्या माणसाने करावं तेच मी केलं. कोणाला काही सांगितलं नाही. कारण असं की बुधवारी मालवणात विनीताच्या भावाच्या मुलीचा, तेजस्वीचा, साखरपुडा होता. विनीताने त्यासाठी एकशेएक नारळाच्या वड्या केल्या होत्या. एकशेएक म्हणजे मोजून. एक मी तोंडात टाकली तर तिने परत नारळ खोवला. अशा घरात साखरपुड्याच्या दोन दिवस आधी डोळ्याचं काय काढायचं? साखरपुडा होऊ दे, मग बघू. (माझ्या आयुष्यातले बरेच घोटाळे 'होऊ दे, मग बघू'मधून निघाले आहेत, त्यात तू दोन-तीनदा भागीदार होतास.)

बुधवारी सकाळी स्कूटर काढली. मागे विनीता, नवं लुगडं, मांडीवर वड्यांचा डबा. चौके येईपर्यंत सगळं ठीक. चौके सोडलं, चढ संपला, आणि बस्त्यांव, काय झालं ते मी तुला जसंच्या तसं सांगतो. दुखलं नाही. कळ नाही, चमक नाही. भांड्यातल्या पाण्यात कोणी शाईचा थेंब सोडावा आणि तो हळूहळू पसरत जावा, तसं उजव्या डोळ्यात काहीतरी सुटलं. आधी तांबूस धूर, मग काळा, मग त्या बाजूचा रस्ताच नाही. काजूच्या बागा नाहीत, कडेचा दगडी गडगा नाही, समोरून येणारं कोणी असलं तर तेही नाही. मी म्हटलं, हरकत नाही, देवाने दुसरा दिलाय. उजवा मिटला आणि डाव्याने बघायला लागलो, तर रस्त्याकडेचे खांब वाकडे. टोकं सरळ, बुंधे सरळ, आणि मध्येच पोट सुटल्यासारखे वाकलेले. त्यातले निम्मे तू आणि मी उभे केलेले. ओळंबा धरून. साहेब उभा राहून बघत होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की नव्या ठेकेदाराने खांब बदलले आणि काम वाईट केलं. एक डोळा गेलेला, दुसरा वाकडं बघतोय, आणि मी ठेकेदाराला शिव्या देतोय.

थांबायला हवं होतं. लहान पोराला कळलं असतं. पण थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागणार, सांगितलं तर साखरपुडा बुडणार, आणि आणखी एक गोष्ट बाहेर येणार होती जी मला बाहेर यायला नको होती. ती पुढे सांगतो. तेव्हा मी वेग कमी केला आणि विनीताला म्हटलं, "गो, पुढे काय दिसता?"

आता तुला विनीता माहीत आहे. स्कूटरवर मागे बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गोष्टीची खबर देणं ही तिची सवय, आणि गप बस म्हणणं ही माझी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून विचारलं, तर तिला आनंदच झाला. "म्हशी आसत, तीन. उजवीकडसून जावा." मी गेलो. "टेम्पो येता." मी कडेला झालो. "तो बघा, बंद पडलेलो पंप, हयसर माझ्या भावान जागा घेतल्यान ती." मी म्हटलं, ती जागा सोड, रस्त्यावर काय? "रस्त्यार कुत्रो." अशी आमची गाडी चालली. ती खुशीत, मी घामाने चिंब. हँडलवर हात असे धरलेले की बोटं पांढरी पडली असावीत. असावीत म्हणतो, कारण तीही नीट दिसत नव्हती. प्रत्येक वळणाला वाटायचं, एवढं एक, मग कुंभारमाठ, मग उतार, मग मालवणच.

कुंभारमाठाच्या अलीकडे ती बोलता बोलता थांबली. मी विचारलं, पुढे काय? पुन्हा विचारलं. तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी माका आज इतक्या कित्या इचारतास? सादा न बोलणारो माणूस." आणि गप बसली. पाणी कुठेतरी मुरतंय हे तिच्याही डोक्यात शिरलं होतं. तिकडे ती विचारात पडली आणि इकडे माझा दिवा गेला. तेवढ्यात हॉर्न वाजला. मोठा, एसटीचा. पुढून की मागून, कळेना. उजवीकडे काळं, डावीकडे वाकडं. मी काय केलं असेल? डोळे दोन्ही मिटले, हँडल डावीकडे वळवलं आणि ब्रेक दाबला.

देवाची कृपा म्हण, तुझ्या क्रुसावरल्या सायबाची म्हण. डावीकडे कोरडं गटार होतं आणि त्यात पालापाचोळा. स्कूटर आडवी, मी खाली, विनीता माझ्यावर, वड्या चौफेर. एसटी बाजूने निघून गेली, तिचा वारा अंगावर आला. एवढ्या जवळून गेली ती. कंडक्टर खिडकीतून काहीतरी बोलला ते माझ्या आईबद्दल होतं. विनीताचा गुडघा सोलला होता. ती उठली, लुगडं झाडलं नाही, वड्यांकडे बघितलं नाही, माझ्यासमोर येऊन वाकून उभी राहिली आणि हात पुढे धरून म्हणाली, "किती बोटां?"

मी अंदाज केला. तीन.

"मी बोटां दाखवूक नाय. माझ्या हातात वडी आसा."

त्यानंतर ती रडली असती तर बरं झालं असतं, बस्त्यांव. ओरडली असती तर त्याहून बरं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि येणारी पहिली रिक्षा अडवली. सुदेशची निघाली, तुझ्या ओळखीचा, आपल्या उपकेंद्रातल्या मेस्त्रीचा मुलगा. आम्ही मालवणच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. साखरपुड्याचा हॉल रस्त्यातच लागला. सनई ऐकू आली. सुदेशने रिक्षा सावकाश केली. विनीता म्हणाली, थांबू नको. एवढंच.

त्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, आत रक्त उतरलंय, हे माझं काम नाही. पडद्याच्या डॉक्टर दर गुरुवारी कुडाळला येतात, उद्याच जा, आणि रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. मी उशा दोन घेतल्या. झोप तेवढी घेता आली नाही.

कुडाळच्या दवाखान्यात बाकावर आम्ही अठराजण होतो. गंमत अशी की त्यातले सहाजण माझ्यासारखे कमरेतून बिघडलेले. एकाच्या हाताला तुझ्यासारखी फुगलेली शीर. त्याने मला विचारलं, तुमचं मशीन कुठलं? मी म्हटलं, अजून नाही. तर तो म्हणाला, मग लवकर आलात. मला पहिल्यांदाच कोणीतरी लवकर आलात म्हणालं. तेही चुकीचं होतं. मग अक्षरं वाचायला बोलावलं. माझ्यापुढचा माणूस वाचत होता तेव्हा मी कान देऊन त्याची शेवटची ओळ पाठ केली. (सवय.) माझा नंबर आला, मी ठणठणीत आवाजात म्हणून दाखवली. तिथली मुलगी म्हणाली, काका, मी पडद्यावरची ओळ बदललीय, आता आकडे आहेत. उजव्या डोळ्याने तर तिने हात हलवलेला तेवढा कळला. तिने थेंब घातले, अर्ध्या तासाने उरलंसुरलं जगही धुक्यात गेलं, आणि तशातच डॉक्टरांपुढे बसलो.

डॉक्टर म्हणजे समीक्षा मॅडम, चाळिशीच्या असतील. मोठा दिवा डोक्याला बांधून त्यांनी दोन्ही डोळे बघितले. वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा. एवढा लखलखाट मी ट्रान्सफॉर्मर उडाला तेव्हाही बघितला नव्हता. मग दिवा काढून विचारलं, "याआधी पडदा कधी तपासला होतात?"

मी काही बोलायच्या आत विनीता म्हणाली, "मागच्या वर्षी जूनमध्ये. हेच आले होते कुडाळला, एकटे. नॉर्मल आहे म्हणाले." ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलली ती. खात्रीने बोलली. मॅडमनी फाइल चाळली. एक कागद, दुसरा, तिसरा. ही ती गोष्ट, बस्त्यांव. मागच्या जूनमध्ये मी कुडाळला आलो होतो हे खरं. ह्याच दवाखान्याच्या पायरीपर्यंत आलो. आतून एक माणूस बाहेर आला, डोळ्यावर कापसाची पट्टी, बायकोने हात धरलेला. पायरी उतरताना त्याने आधी पायाने चाचपून बघितली. मी तिथूनच वळलो. स्टँडवर बसून दोन गाड्या सोडल्या आणि तिसरीने घरी येऊन सांगितलं, नॉर्मल.

मी म्हटलं, "नाही तपासला."

विनीताने माझ्याकडे बघितलं की नाही मला माहीत नाही, थेंबांमुळे तिचा चेहरा म्हणजे एक पांढरट गोळा होता. एवढंच कळलं की माझ्या मांडीवरची फाइल तिने उचलली आणि आपल्या पिशवीत ठेवली. ती फाइल आजपर्यंत मला परत मिळालेली नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काका, मूत्रपिंडातली चाळणी आणि डोळ्याचा पडदा, दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या सारख्याच, केसाहून बारीक. साखर आणि प्रेशर एकीकडच्या खराब करतात तेव्हा दुसरीकडच्या सोडत नाहीत. म्हणून किडनीचा पेशंट आला की आम्ही पडदा बघतो, त्याला दिसत असो वा नसो. तुमच्या पडद्याला रक्त पुरत नव्हतं, तेव्हा त्याने स्वतःच नव्या वाहिन्या काढल्या, कच्च्या. त्यातली एक फुटली.

मी म्हटलं, म्हणजे आकडे टाकले!

त्यांना कळेना. मी सांगितलं. मुख्य लाईनमधून वीज पुरत नाही, तर लोक कशीतरी वायर घेऊन तारेवर आकडा टाकतात. दिवा लागतो, सगळे खूश. मग एक दिवस वारा सुटतो आणि ती वायर जळून छपरावर पडते. तीस वर्षं मी आणि माझा मित्र गावोगाव आकडे काढत फिरलो, शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही खाल्ला. आणि माझ्याच डोळ्यात, माझ्याच नाकावर टिच्चून, माझ्याच लोकांनी आकडे टाकलेले. मॅडम हसल्या. म्हणाल्या, अगदी तेच. आता ते आकडे लेझरने जाळायचे. डाव्या डोळ्यातही टाकलेत, अजून फुटलेले नाहीत. शिवाय तिथे मधोमध सूज आहे, म्हणून तुम्हाला सरळ रेषा वाकड्या दिसतात. मी म्हटलं, खांब? हो, खांब. तेव्हा बस्त्यांव, ठेकेदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली. काम चांगलं केलंय त्याने.

मग त्यांनी हसणं थांबवलं. "डावा मी धरून ठेवीन असं वाटतं. उजव्याचं वचन देत नाही. रक्त विरलं तर बघू, नाही विरलं तर ऑपरेशन. चार महिने आधी आला असतात तर हे फुटलं नसतं." आवाज चढवून नाही बोलल्या. त्या पावसापाण्याचं सांगावं तसं बोलल्या, आणि ते जास्त लागलं.

लेझरला आत विनीताला येऊ देत नाहीत. हनुवटी एका टेकूवर, कपाळाला पट्टा, डोळ्यावर काच. मॅडम म्हणाल्या, काका, अजिबात हलायचं नाही, चांगल्या भागावर पडलं तर तेवढं कायमचं जाईल. हे ऐकल्यावर माणूस हलणार नाही तर काय करणार? मानेतून कंप सुटला. हिरवी वीज, पुन्हा हिरवी वीज, डोळ्याच्या मागे बोथट सुई टोचल्यासारखी. माझा एकुलता एक चालू डोळा आणि त्यावर कोणीतरी ठिणग्या पाडतंय. मला काही भीती वाटली नाही. पण शरीराला वाटली असावी. मग मी कट्ट्याच्या उपकेंद्रापासून खांब मोजायला लागलो. शाळेसमोरचा, पिंपळाजवळचा ताण दिलेला, मग डीपीचा जोडखांब, मग तो ज्याच्यावर तुला गांधीलमाशा चावल्या. मनातल्या मनात एकेका खांबावर चढलो, उतरलो, पुढच्याला गेलो. चौक्याच्या अलीकडे पोचलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, झालं, आजचे साडेसहाशे झाले.

बाहेर आलो. विनीताने हात धरला. पायरी आली तेव्हा मी आधी पायाने चाचपून बघितली. समोरून कोणी आत येत होतं का आणि आम्हाला बघून वळलं का, देव जाणे.

पुढच्या आठवड्यात सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन झालं. (हो, डोळ्यात. अँजेला, इथे बापाच्या चेहऱ्याकडे बघू नको, पुढे वाच. बधिर करतात, मुंगी चावल्याएवढंही नाही, ऐकायला भयंकर, घ्यायला साधं.) आज परिस्थिती अशी आहे : डाव्याने हे पत्र लिहितोय. खांब अजून थोडे पोट काढून उभे आहेत, पण पूर्वीएवढे नाहीत. उजव्यातला काळा पडदा वरून विरत चाललाय. परवा खिडकीचे गज मोजता आले, पाच. सहा आहेत असं विनीता म्हणते. ऑपरेशन लागेल की नाही ते कळायचं आहे. स्कूटर मितेशला, म्हणजे पुतण्याला, देऊन टाकली. तेजस्वी आणि तिचा होणारा नवरा स्वतः घरी येऊन पाया पडून गेले, तेव्हा विनीता त्या दिवसानंतर पहिल्यांदा रडली, आणि त्यांना नव्याने केलेल्या वड्या दिल्या. माझ्याशी ती बोलते. सगळं बोलते. फक्त मी कुठे जाऊन आलो असं सांगितलं की म्हणते, कागद दाखवा. रेशन घेऊन आलो तरी कागद. ते बरोबर आहे. ते आता जन्मभर चालेल.

बाकी सर्व ठीक. वयनीस नमस्कार, अँजेलास आशीर्वाद, तुला काय द्यायचं ते भेटल्यावर.

तुझा,
बाबली (डाव्या डोळ्याचा)

ता. क. १ : एक किरकोळ काम होतं. येत्या गुरुवारी कुडाळला माझ्या लेझरचा दुसरा हप्ता आहे. थेंब घातल्यावर एकट्याला सोडत नाहीत, आणि विनीता त्या दिवशी तेजस्वीच्या लग्नाच्या खरेदीला जाणार. गुरुवारी तुझं मशीन नसतं. नुसतं बाकावर बसायचं आणि परतताना माझा हात धरायचा. येशील?

ता. क. २ : अँजेला, आता थांब. पत्र संपलं म्हणून सांग आणि हे मनात वाच. विनीता कुठेही जाणार नाही, ती आम्हा दोघांना परत आणायला येणार आहे. गुरुवारी माझा नंबर तेरा आणि चौदाव्यावर मी सेबॅस्टियन लोबो हे नाव लिहून ठेवलंय. तुझा बाप गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, मशीनवर झोपलं की छतावर मुंग्या दिसतात, तिथले लोक साफसफाई करत नाहीत. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, डायलिसिसवाल्या माणसाने एक गुरुवारही घालवू नये. मशीन बंद करावं लागत नाही, मशीनच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलतील. आता दुसरं. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे डोळ्यांचं शिबिर होतं. डोळे तपासून घे म्हटलं की बाप तुला तिथली एक चिठ्ठी दाखवतो ना, 'दृष्टी चांगली' अशी? ती खोटी आहे. मी पुढे होतो. शेवटच्या ओळीतली अक्षरं मी वाचली आणि मागे वळून त्याला हळूच सांगितली. आम्ही हसत हसत चहाला गेलो. त्याला तेव्हाच दिसत नव्हतं गो. मला ठाऊक होतं.

ता. क. ३ : बस्त्यांव, ती पकडली गेली असणार. तिला खोटं बोलता येत नाही, ते वयनीकडून आलंय. तेव्हा अँजेला, आता हे मोठ्याने वाच. मघाशी लिहिलं की लेझरला भीती वाटली नाही. वाटली. इतकी की खांब मोजताना दोनदा चुकलो. तरी पुन्हा जाणार आहे. मी खांबावर चढायचो तेव्हा तू खाली स्विचपाशी उभा असायचास. एकोणतीस वर्षं तू खालून ओरडलास, "लाईन बंद आसा, चड रे," आणि मी एकदाही टेस्टर लावून बघितलं नाही. मी मात्र तुला एकदा खोटं सांगितलं, शिबिरातली ती चार अक्षरं. हे खरं आहे : कुडाळला चौदावा नंबर तुझा आहे. गुरुवारी सकाळी आठला मी कुडाळ स्टँडवर उभा आहे. तुझ्या शब्दावर मी उघड्या तारेला हात घातला. तू माझ्या शब्दावर एसटीत तेवढा चड.